एक आडवी रेघ

लिनक्सच्या पडद्यावर एक मॅन पेज, म्हणजे आज्ञा कशी वापरायची ते सांगणारं पान, उघडलं आहे. त्यातली 'ls -l' ही आज्ञा उचलली, खाली चिकटवली, एंटर दाबलं. उत्तर आलं : अशी फाइल नाही.

आज्ञा तर तंतोतंत तीच दिसते. चूक आहे 'एल'च्या आधीच्या बारीकशा रेघेत. कीबोर्डवरची रेघ वेगळी आणि छपाईतला खरा हायफन वेगळा. युनिकोड या अक्षरांच्या जागतिक मानकाच्या लेखी ही दोन निराळी अक्षरं आहेत.

याचं मूळ सापडतं सत्तरच्या दशकात, अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये. तिथं 'जो ओसाना' नावाच्या प्रोग्रामरनी 'ट्रॉफ' लिहिला, म्हणायचं 'टी-रॉफ'. हा मजकुराची छपाईसाठी मांडणी करणारा प्रोग्राम; मॅन पेज त्याच्याच खुणांमध्ये लिहिली जातात. तो लिहिला एकाच यंत्रासाठी, सी-ए-टी नावाच्या फोटोटाइपसेटरसाठी, म्हणजे छपाईची अक्षरं प्रकाशानं उमटवणाऱ्या यंत्रासाठी. त्यात एका वेळी चारच फॉन्ट बसत, प्रत्येकात 102 अक्षरं. ओसानांनी मुद्रकाच्या नजरेनं ठरवलं : नुसती रेघ म्हणजे हायफन, आणि वजाचिन्ह हवं असेल तर आधी बॅकस्लॅश (\) द्या. मला हा निर्णय आजही बरोबर वाटतो.

पण तोच मजकूर टर्मिनलवर दाखवायचं काम 'एनरॉफ' हा ट्रॉफचा जोडीदार प्रोग्राम करायचा, आणि आस्की या तेव्हाच्या छोट्या अक्षरसंचात रेघ एकच! बॅकस्लॅश दिला काय, न दिला काय, दिसायचं सारखंच. मग कित्येकांनी तो गाळला. वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागला नाही.

1977 मध्ये ओसाना वारले. पुढे ब्रायन कर्निगन यांनी ट्रॉफला त्या एका यंत्राच्या तावडीतून सोडवलं. 1990 मध्ये जेम्स क्लार्क यांचा 'जीरॉफ', म्हणजे ट्रॉफचा नवा अवतार, आला. जुन्या ट्रॉफमध्ये मांडणीच्या सूचनांची नावं दोनच अक्षरांची, म्हणून लोक पुढचा मजकूर जागा न सोडता चिकटवून लिहीत. जीरॉफनं लांब नावं चालवली आणि अशा ओळींचा अर्थच बदलला. जुन्या फायलींसाठी वेगळी सुसंगतता-सोय ठेवावी लागली.

हा तंटा सोडवणार कोण? पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकात ट्रॉफला जागाच नाही.

युनिकोडची अक्षरं दाखवणारे यूटीएफ-8 टर्मिनल आले आणि लपलेला फरक उघडा पडला. 2023 मध्ये जीरॉफ 1.23 नं मॅन पेजमध्ये नुसत्या रेघेचा पुन्हा खरा हायफन केला. डेबियन या लिनक्सच्या वितरणानं आपल्याकडे तो बदल फिरवला. वाचणाऱ्याची आज्ञा चालली पाहिजे, हे त्यांचं म्हणणंही मला मनापासून पटतं.

खरी दुरुस्ती मात्र मूळ पानांतच करायची आहे. एकेक फाइल उघडायची, पर्यायांच्या ओळी शोधायच्या आणि 'एल'च्या आधीच्या रेघेला तिचा बॅकस्लॅश परत द्यायचा.