कोसळले ते नेमके काय? ‘हिमस्खलन’ या शब्दाविषयी

७ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात ऋषिगंगा नदीतून चिखल, दगड आणि पाण्याचा जो लोंढा आला, तो आपण पडद्यावर पाहिला. या लोंढ्याने दोन जलविद्युत प्रकल्प उद्ध्वस्त केले आणि दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली किंवा बेपत्ता झाली. त्या दिवसांतील मराठी बातम्यांत या एकाच घटनेला ‘हिमकडा कोसळला’, ‘हिमनदी फुटली’ आणि ‘हिमस्खलन झाले’ अशी तीन नावे मिळाली.

या तिन्ही नावांचे अर्थ निरनिराळे आहेत. ‘स्खलन’ म्हणजे घसरणे. युरोपातील आल्प्स पर्वतातून जगभर गेलेल्या ‘अ‍ॅव्हलांच’ या शब्दाच्या मुळाशीही घसरण्याचाच अर्थ असल्याचे मानले जाते. हिमस्खलनात उतारावर साचलेले हिम घसरते. हिवाळाभर एकावर एक थर बसत जातात आणि त्यांपैकी एखाद्या जुन्या थरातील कण साखरेसारखे सुटे होतात. वर नव्या हिमाचा भार वाढला, किंवा एखाद्या गिर्यारोहकाचे पाऊल पडले, की तो कच्चा थर दबतो आणि वरची सगळी लादी एकाच वेळी सुटते. हे बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर घडते, कारण त्याहून उभ्या कड्यावर हिम फारसे साचतच नाही, ते थोडेथोडे ओघळून जाते. ‘हिमलोट’ हा दुसरा मराठी शब्द मला अधिक जवळचा वाटतो, कारण धुळीचे आणि पाण्याचे लोट पाहिलेल्या माणसाला त्यातून वेग लगेच दिसतो.

चमोलीत मात्र हिमाची लादी घसरली नव्हती. रोंटी शिखराच्या उत्तर बाजूचा सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटरांचा तुकडा सुटून दरीत पडला होता आणि त्यात साधारण ८० टक्के खडक व २० टक्के हिमनदीचा बर्फ होता, असे शास्त्रज्ञांना पुढे आढळले. यासाठी मराठीत पिढ्यान्‌पिढ्या वापरातला एक शब्द होता, तो म्हणजे दरड. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले, दीडशेहून अधिक माणसे दगावली, तेव्हा तो शब्द कोणालाही समजावून सांगावा लागला नाही. ‘खडक आणि बर्फाची दरड कोसळली’ एवढे म्हटले असते, तर चमोलीत काय घडले ते सह्याद्रीतल्या माणसाला त्याच दिवशी उमगले असते.

आपल्या भाषेत तक्रारींचा पाऊस पडतो, अभिनंदनाचा वर्षाव होतो, दुःखाचा डोंगर कोसळतो. हिमस्खलन मात्र अशा उपमेत सहसा येत नाही, कारण महाराष्ट्रात ते कोणी अनुभवलेले नाही. ते मराठी घरांत पोहोचते प्रामुख्याने सैन्याच्या बातम्यांतून.

३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमध्ये सुमारे १९,६०० फुटांवरील सोनम चौकीवर बर्फाची प्रचंड भिंत कोसळली आणि दहा जवान गाडले गेले. त्यांच्यापैकी एक सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याचा होता, जिथे पावसाचीही वाट पाहावी लागते. ही घटनाही सर्वत्र हिमस्खलन म्हणूनच सांगितली गेली, परंतु ‘हिमकडा कोसळला’ हे वर्णन शोभते ते येथे. चौकीवर भुसभुशीत हिम नव्हे, तर काँक्रीटसारखे कठीण, निळसर बर्फाचे मोठमोठे ठोकळे पडले होते. शोधपथकांनी ते यंत्रांनी कापत पंचवीस ते तीस फूट खोल जाऊन सहाव्या दिवशी एका जवानाला जिवंत बाहेर काढले. ११ फेब्रुवारी रोजी दिल्लीतील रुग्णालयात त्यांचे निधन झाले.