एका पंगतीला बसलेले जिवाणू

मंडळी, आज बोलायचं आहे ते टॅनऱ्यांचं, म्हणजे कातडी कमावण्याच्या कारखान्यांचं, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंबद्दल. आधी ही बरणी बघा. तळाशी काळा गाळ, वर गढूळ पाणी. मधूनच एखादा बुडबुडा सुटतो आणि वर येऊन फुटतो. त्यात मिथेन आहे. म्हणजे खाली जिवाणूंचं जेवण चालू आहे.

कानपूरला गंगेकाठी जाजमऊ आहे, तिथे शेकडो टॅनऱ्या. निदान प्राथमिक शुद्धीकरणाची सोय करा, नाहीतर काम थांबवा, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८७ साली त्यांना बजावलं. पुढे १९९४ मध्ये डच मदतीनं तिथे रोज ३ कोटी ६० लाख लिटरचं केंद्र सुरू झालं. त्यात टॅनरीचं पाणी ९० लाख लिटर, बाकी सगळं शहराचं सांडपाणी. तिप्पट सांडपाणी कशाला? नुसतं टॅनरीचं पाणी जिवाणूंना सोसत नाही म्हणून.

केस काढायला कातडी चुना आणि सोडियम सल्फाइडमध्ये भिजवतात. त्या पाण्यात उतरलेली चरबी, रक्त, विरघळलेले केस म्हणजे जिवाणूंना मेजवानीच. शुद्धीकरणाच्या टाकीत पाणी तळातून शिरतं आणि गाळाच्या थरातून संथपणे वर चढतं. हवा फुंकावी लागत नाही, वीज वाचते. पण कमावण्याच्या रसायनांतून सल्फेटही येतं, आणि मग एकाच पंगतीला दोन जमाती बसतात. एक मिथेन बनवणारी, दुसरी सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवणारी. सडक्या अंड्याचा वास येतो तो याचाच. हा वायू पहिल्या, मिथेनवाल्या जमातीला विषासारखा बाधतो. ही लेड अ‍ॅसिटेटची पट्टी बरणीच्या तोंडाशी धरतो. बघा, कडेपासून काळी पडायला लागली.

आता क्रोम, म्हणजे कातडं कमावायला वापरतात ते क्रोमियम. ‘जिवाणू क्रोमियम खातात’ असं वाचलं की मला वाईट वाटतं. क्रोमियम हे मूलद्रव्य आहे, ते कोण खाऊन संपवणार? काही जिवाणू विषारी षट्‌संयुजी क्रोमियमचं त्रिसंयुजी करतात. ते कमी घातक असतं आणि तळाशी बसतं. पण बसतं कुठे? गाळातच. मग तो गाळ शेतात टाकायची सोय राहत नाही. नेहमीच्या पद्धतीत कातडं साठ-सत्तर टक्केच क्रोम धरतं, उरलेलं पाण्याबरोबर जातं. म्हणून माझा आग्रह एकच आहे: क्रोमच्या पाण्याची मोरी टॅनरीतच वेगळी हवी. त्यात मॅग्नेशियम ऑक्साइड टाकलं की क्रोम खाली बसतं. ते गंधकाम्लात विरघळवून पुन्हा कातडी कमावण्याच्या पिंपात वापरता येतं. इतकं केल्याशिवाय जिवाणूंना कामाला लावणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावतात, तिथे क्रोम नाही, मग पाणी सोपं असेल ना, असं मला विचारतात. तेवढं सोपं नाही. हिरड्यातलं टॅनिन प्रथिनांना घट्ट धरतं, म्हणून तर कातडं टिकतं. पण जिवाणूंची विकरंही प्रथिनंच, त्यांनाही ते धरतं. त्या पाण्यालाही दुसऱ्या सांडपाण्याची जोड द्यावी लागते, आणि सवय व्हायला जिवाणूंना काही आठवडे द्यावे लागतात.