कोंडिविट्याचं देऊळ

या भिंतींवर छप्पर नाही. मनोरा उभा आहे, दर्शनी भिंतही उभी आहे. आत मात्र आभाळ. भोवती दिसतात त्या अंधेरीच्या सीप्झच्या, म्हणजे निर्यातीसाठी राखलेल्या औद्योगिक वसाहतीच्या इमारती, दागिन्यांचे कारखाने आणि सॉफ्टवेअर कंपन्या. आत यायला पास लागतो. पण ही जमीन मुळात कोंडिविटे गावची, आणि हे त्या गावकऱ्यांचं देऊळ. हो, देऊळच. ईस्ट इंडियन म्हणवणारे इथले मूळचे मराठी ख्रिस्ती चर्चला देऊळ म्हणत आले आहेत.

हे देऊळ बांधलं ते साल १५७९. शिवरायांच्या जन्माला अजून ५१ वर्षं होती. मुंबई बेट इंग्रजांच्या राजाला आंदण देण्याचा करार झाला १६६१ मध्ये. तोवर या दगडांनी ८२ पावसाळे पाहिले होते. शिवाय तेव्हा ही मुंबई नव्हतीच. ही साष्टी. सहासष्ट गावांची, म्हणून साष्टी. भातखाचरं, ताडमाड, आंब्याच्या राया. १५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतानाकडून हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि त्यांच्यामागून पाद्री आले. जेझुइट पाद्र्यांनी हे चर्च बांधून संत योहान बाप्तिस्टाच्या सणाला खुलं केलं. त्याचा सण २४ जूनचा, पावसाच्या तोंडावरचा, भाताची रोपं उगवण्याच्या दिवसांतला. शेतकऱ्यांच्या गावाला हा संत शोभलाच.

धर्म बदलला, पण बोली मराठीच राहिली आणि शेतही तेच राहिलं. आजही ईस्ट इंडियन लग्नात वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचं पाणी आणतात. नवं भात आलं की आगेराच्या सणाला त्याची कणसं आधी चर्चमध्ये जातात. मला वाटतं, या गावाचा खरा इतिहास पाद्र्यांच्या नोंदींपेक्षा या दोन रिवाजांत जास्त सापडतो.

मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणं घेतलं, १७३९ मध्ये वसई जिंकली. पोर्तुगीज गेले. १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांच्या ताब्यात गेली. राज्यं येत-जात राहिली, पण देऊळ जागचं हललं नाही, गावही हललं नाही.

गाव हललं ते १८४० मध्ये. साथ आली. माणसं घरं सोडून निघाली आणि जवळच मरोळला जाऊन राहिली. जाताना देवळातल्या मूर्ती, खांब आणि बाप्तिस्म्याचं कुंडही त्यांनी सोबत नेलं. ज्या कुंडातल्या पाण्याने आपल्या बापजाद्यांना नाव मिळालं, ते रानात टाकून कोण जाईल? मरोळच्या संत योहानाच्या चर्चमध्ये हा वारसा पुढे चालू राहिला. इथे उरल्या भिंती. त्यांवर झाडं उगवली.

सव्वाशेहून जास्त वर्षांनी ही जमीन औद्योगिक वसाहतीत गेली आणि १९७३ मध्ये सीप्झ उभं राहिलं. रान तुटलं, कुंपण आलं. शेकडो वर्षांची वास्तू कारखान्यांच्या कुंपणात अडकली. भिंतींच्या सांध्यांत झाडांची मुळं शिरतात, दर पावसाळ्यात चुना सुटतो. डागडुजीचं काम जाणकार हातांनी, आणि लवकर व्हायला हवं.

मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, इथे एकदा मिसा, म्हणजे चर्चची सामुदायिक प्रार्थना होते. त्या दिवशी फाटक गावकऱ्यांसाठी उघडतं. म्हाताऱ्या बायका लुगडी नेसून येतात, मुलं मनोऱ्याकडे मान वर करून बघतात. वेदीवर मेणबत्त्या लागतात. वर छप्पर नसतं, म्हणून वाऱ्याला हाताचा आडोसा करून त्या सांभाळाव्या लागतात.