साळावलीला दारंच नाहीत

नमस्कार मंडळी, पाऊस जोरात लागला की आमच्या दक्षिण गोव्यात जो तो विचारतो, साळावली धरण भरलं काय, आणि दारं कधी उघडणार? तर आधी हेच सांगून टाकतो, त्या गोल सांडव्याला दारंच नाहीत. डकबिल म्हणतात त्याला, पाण्याची पातळी ४१.१५ मीटरच्या वर गेली की पाणी आपसूक काठावरून आत कोसळायला लागतं, कोणी बटन दाबत नाही की काही नाही. बघायला एक नंबर! तुषार उडून चष्मा भिजतो, सेल्फी धड येत नाही, तरी रविवारी सांग्याच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागतेच. शेजारी बोटॅनिकल गार्डन आहे, पोरांना मोकळं सोडायला बरी जागा.

पण पाण्यात उतरायचं नाही हं. मडगाव, वास्को, केपे, सगळीकडे नळाला येतं ते हेच पाणी, शुद्ध करून येतं हे मान्य, पण म्हणून काय बाटल्या आणि चिप्सची पाकिटं त्यात फेकायची? बोटिंगच करायचंय तर डिचोलीत मयेचा तलाव आहे की.

मला विचाराल तर साळावलीची खरी भेट मे महिन्यात. पाणी खाली गेलं की धरणात बुडालेलं कुर्डी गाव वर येतं, घरांची जोती, विहिरी, वाटा, सगळं दिसतं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं हे गाव. धरणासाठी लोकांना उठवून वाडे आणि वालकिणी या गावांत वसवलं, आणि कदंबांच्या काळातलं महादेवाचं देऊळ सुटं करून धरणाजवळ परत उभं केलं, तेही बघून या, बहुतेक जण गार्डनवरूनच परत फिरतात. सोमेश्वराच्या उत्सवाला गावचे लोक दरवर्षी कुर्डीत जमतात, ख्रिस्ती मंडळी आपल्या चॅपेलचं फेस्त करतात. तिथे ड्रोन उडवत घुसू नका, पाया पडा आणि बाजूला उभे राहा, त्यांना वर्षातून तेवढेच दिवस मिळतात गावात. सावली जवळजवळ नाहीच, तेव्हा टोपी आणि प्यायचं पाणी न्या, आणि गाडी वर रस्त्यालाच ठेवा, कारण वळवाची एक सर आली की त्या गाळात टायर असा रुततो की बाहेर काढायला ट्रॅक्टरच शोधावा लागेल.