नववं बटण

आत्ता या ड्रम मशीनवर जे वाजलं ते तुम्ही सगळ्यांनी हजारदा ऐकलेलं आहे. एक, पाच, नऊ, तेरा. चार रंगांचे चार गट, प्रत्येक गटातलं पहिलं बटण, आणि चारही ठिकाणी बेस ड्रम. लग्नाच्या हॉलमध्ये हेच, वरातीच्या डीजेत हेच. पाय आपोआप हलतात, आणि तेच त्याचं काम आहे. मला आज बोलायचंय ते या चारांतल्या एका ठोक्याबद्दल, नवव्या. तो काढला की ठेक्याचं काय होतं, ते तुम्हाला ऐकवायला मी हे मशीन घेऊन आलोय.

टेबलावर आहे तो रोलंडचा टीआर-८०८. १९८० साली बाजारात आला, १९८३ मध्ये बंद झाला, तेवढ्या काळात साधारण बारा हजार नग निघाले. रोलंड कंपनी ओसाकात १९७२ साली इकुतारो काकेहाशी यांनी काढली. त्याआधी त्यांची एस टोन नावाची कंपनी होती, तिच्या रिदम मशीनमध्ये ठेके तयारच असायचे. बटण दाबलं की वॉल्ट्झ, दुसरं दाबलं की रुंबा. आपला ठेका त्यात घालायची सोय नव्हती. ८०८ मध्ये ठेका तुम्ही लिहायचा, हे त्याचं वेगळेपण. खाली ओळीनं सोळा बटणं आहेत: चार लाल, चार नारिंगी, चार पिवळी, चार पांढरी. डावीकडच्या चकरीनं वाद्य निवडायचं, मग ते ज्या ज्या जागी वाजायला हवं तिथलं बटण दाबायचं. तिथला दिवा लागतो. परत दाबलं की विझतो. एवढंच आहे सगळं.

मी ऑर्केस्ट्रात ढोलकी आणि तबला वाजवायचो. १९८७ साली आमच्या मालकांच्या नात्यातल्या एका बोटीवरच्या माणसानं हे जपानहून आणलं. शंभर व्होल्टचं, म्हणून सोबत स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर न्यावा लागायचा. प्रोग्रामला निघताना वाद्यांइतकीच त्याची काळजी. मालकांनी मशीन माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "तुला ताल कळतो, तूच बघ."

सोळा बटणं, चार-चारचे चार गट. तबलजीला हे पाहून काय वाटेल? मला वाटलं, हा तर तीनताल आहे! सोळा मात्रा, चार विभाग, नवव्या मात्रेला खाली, म्हणजे टाळी न देता हात उघडायची जागा, आणि नववं बटण म्हणजे पिवळ्या गटातलं पहिलं. ज्यांनी रंग दिले त्यांच्या मनात तीनताल नव्हता, हे उघड आहे. त्यांना चार ठोक्यांचे चार-चार तुकडे दाखवायचे होते. पण मला तरी त्या दिवसापासून पिवळं म्हणजे खाली असंच दिसतं.

पहिला महिनाभर मी जे लिहिलं ते सगळं एक, पाच, नऊ, तेरा या चौकटीतलंच होतं. केहरवा ताल म्हणून लिहायचो, पण बेस ड्रम चारही जागी. वर कोंगा, हाय-हॅट, टाळ्या, भरगच्च. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, पंचवटीत भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. एका दुपारी ओसरीवर बसून त्यांनी ते बराच वेळ ऐकलं आणि विचारलं,

"हा माणूस खालीला जातच नाही का रे?"

मी म्हटलं, "अण्णा, माणूस नाही, मशीन आहे."

"मग तू सांग ना त्याला."

तेवढंच बोलून ते आत गेले. मी मात्र तिथेच अडकलो, कारण त्यांचं बरोबर होतं. खाली म्हणजे काय? आपण हातानं ताल देताना टाळीऐवजी हात हवेत उघडतो, ती झाली खूण. तबल्यावर खाली ऐकू येते ती डाव्या हाताच्या डग्ग्यामुळे. डग्ग्याचा घुमारा थांबतो, उजवा एकटा बोलत राहतो, आणि ऐकणाऱ्याला आतून कळतं की आता आपण आवर्तनाच्या, म्हणजे तालाच्या एका फेऱ्याच्या, पलीकडच्या काठाला आहोत आणि परत यायचंय. घुमारा परत आला की सम, म्हणजे पहिली मात्रा, जवळ आली. चारही जागी बेस ड्रम ठेवला की हा काठच बुजतो. आवर्तन राहत नाही, नुसती मोजणी राहते.

त्या रात्री मी केहरवा पुन्हा लिहायला घेतला. या वेळी बोल, म्हणजे तबल्याची अक्षरं, तोंडानं म्हणत. तुम्हीही मनात म्हणा: धा गे ना ति, न क धी ना. आठ मात्रा, सोळा बटणं, म्हणजे एका मात्रेला दोन. धा पहिल्यावर, गे तिसऱ्यावर, ना पाचव्यावर, ति सातव्यावर. न नवव्यावर, क अकराव्यावर, धी तेराव्यावर, ना पंधराव्यावर. आता यातला डग्ग्याचा घुमारा कुठे कुठे आहे? धा, गे आणि धी. म्हणजे बेस ड्रमचे दिवे फक्त तीन: एक, तीन, तेरा. चार ते बारा ही नऊ बटणं सलग विझलेली. मला ते बघूनच भीती वाटली होती. स्टेजवर एवढी रिकामी जागा कोण ठेवतं?

वरचं काम हाय कोंगाला दिलं: एक, पाच, नऊ, पंधरा. धी तेराव्यावर आहे, तिथे मिडल कोंगा. ति साठी सातव्यावर रिमशॉट. अकराव्यावरचा क म्हणजे डग्ग्यावर मिटलेली थाप, घुमारा नसलेली, तिच्यासाठी लो कोंगा. कोंगांना सूर लावायची नॉब आहे, ती फिरवून हाय कोंगा चाटेच्या, म्हणजे तबल्याच्या काठावरच्या आवाजाच्या, जवळ आणायचा.

ऐका आता. आधी पहिला, बेस ड्रम चारही जागी असलेला. आता हा, एक-तीन-तेराचा.

तुमच्यातल्या काहींनी माना हलवल्या त्या मी पाहिल्या. लय तीच आहे, टेम्पोच्या नॉबला मी हातही लावलेला नाही. तरी दुसरा गाण्याला मागे धरून ठेवतो आणि मग सोडतो.

एक खुलासा केला पाहिजे, कारण समोर तबला शिकणारी मुलं बसली आहेत. खाली आली की डग्गा बंद, असा सोपा नियम नाही. तीनतालात पुष्कळ जण नवव्या मात्रेवर धा च म्हणतात, आणि डग्गा मिटतो तो दहाव्यापासून तेराव्यापर्यंत. दादऱ्यातही चौथ्या मात्रेला खाली आहे, पण बोल धा आहे, घुमारा थांबतो तो ती या बोलावर. म्हणून बटण दाबायच्या आधी बोल म्हणा. बोल म्हणता येत नसेल तो ठेका या मशीनवर लिहू नका, लिहिता येणारही नाही.

मुंबईच्या चरणजित सिंग यांनी हेच ८०८ आणि रोलंडचंच बेस वाजवणारं टीबी-३०३ घेऊन १९८२ साली डिस्को ठेक्यावर दहा राग वाजवले, एचएमव्हीनं ती रेकॉर्ड काढली. तेव्हा तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि जगभर ऐकली गेली. मी ती फार उशिरा ऐकली. त्यात खाली शोधू नका, त्यांना ती नकोच होती. त्यांनी राग एका सरळ, न थांबणाऱ्या रस्त्यावर सोडले आणि ते धाडस मला मोठं वाटतं. पण ते त्यांनी ठरवून केलं होतं. मी पहिल्या महिन्यात जे करत होतो ते न ठरवता करत होतो.

आता मशीनच्या अडचणी. ॲक्सेंट म्हणजे जोर. ८०८ मध्ये तो एकेका वाद्याला देता येत नाही. पहिल्या बटणावर ॲक्सेंट लावला की त्या जागी वाजणारी सगळी वाद्यं जोरात वाजतात. समेवर डग्ग्याला वजन हवं म्हणून ॲक्सेंट दिलात तर हाय-हॅटही किंचाळतो. उपाय एकच, समेवरचा हाय-हॅट काढून टाका. तिथे त्याची गरजही नसते, पण ॲक्सेंटनं अडवलं नसतं तर मला ते कधी सुचलं नसतं. दुसरं, यात झोल नाही. रोलंडच्याच नंतरच्या ९०९ मशीनमध्ये झोल देणारं शफल आलं, यात दोन बटणांमधलं अंतर सारखं म्हणजे सारखंच. लावणीच्या ढोलकीची जी लचक आहे ती सोळा समान घरांत बसत नाही. स्केलचा स्विच फिरवून ठोक्याचे तीन-तीन भाग करून लिहिलं तर थोडी जवळ येते. पूर्ण येत नाही, आणि ढोलकीवाला समोर असेल तर त्यालाच वाजवू द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात प्रिय आहे. बेस ड्रमला डिके नावाची नॉब आहे, तिनं घुमारा लांबतो किंवा आखडतो. मशीन चालू असताना मी डावा हात तिच्यावरच ठेवायचो. समेला उघडायची, गे नंतर हळूच मिटायची, धी ला परत उघडायची. डग्ग्यावर आपण मनगटाची टाच दाबतो ना, तेच काम. आवाजाचा सूर त्यानं बदलत नाही, डग्ग्यावर मनगट घासून काढतात तो घिस्सा येत नाही, पण ठेका श्वास घ्यायला लागतो. इतकी वर्षं झाली, अजूनही हे मशीन लावलं की डावा हात आपोआप तिथे जातो.

हे आवाज खऱ्या ड्रमसारखे नाहीत म्हणून त्या काळी लोकांनी नाकं मुरडली. १९८० सालीच अमेरिकेत लिन कंपनीचं ड्रम मशीन एलएम-१ आलं, त्यात खऱ्या ड्रमचे मुद्रित आवाज होते, किंमत पाच हजार डॉलरच्या घरात. ८०८ अकराशे पंच्याण्णव डॉलरला होता आणि त्याचा प्रत्येक आवाज सर्किटमध्ये तयार होतो. काऊबेल घ्या. दोन चौकोनी लहरी, एक ५४० हर्ट्झची, एक ८०० ची, बस. झांजेसाठी अशा सहा लहरी एकत्र करून गाळलेल्या आहेत. आणि आवाजातली ती सळसळ ज्या ट्रान्झिस्टरमुळे येते ते कारखान्यातले नापास ट्रान्झिस्टर होते. काकेहाशींनी ते मुद्दाम विकत घेतले. पुढे ट्रान्झिस्टर सुधारले, नापास माल मिळेनासा झाला, आणि ८०८ चं उत्पादन थांबण्यामागे हेही एक कारण होतं.

एका पावसाळ्यात ऑर्केस्ट्रा बंद होता आणि मशीन मालकांच्या माळ्यावर पडून होतं. यात लिहिलेले ठेके टिकतात ते आतल्या पेन्सिल सेलवर. सेल काढून ठेवायला हवे होते, ते मी काढले नाहीत. ते फुटले, पाणी गळलं, पत्र्या गंजल्या. ज्या दुकानात दुरुस्तीला दिलं त्यांनी पत्र्या घासून दिल्या, पण ठेके सगळे गेले होते. एकही दिवा लागेना. गणपती बारा दिवसांवर आले होते.

वाचलो ते गणिताच्या चौकटीच्या वहीमुळे. ठेका लिहिला की मी तो वहीतही उतरवायचो. सोळा चौकटींची ओळ, वाद्याला एक ओळ, वाजतो तिथे काळा ठिपका. ही बघा ती वही. पानं पिवळी पडली आहेत, पण ठिपके दिसतील. आणि हे जे लाल पेन्सिलीचे गोल आहेत ना, ते रिकाम्या चौकटींभोवती आहेत. बेस ड्रमच्या ओळीत नववी चौकट, प्रत्येक पानावर. "इथे काही घालायचं नाही" अशी ती माझी मलाच खूण होती. दोन रात्रींत सगळं परत लिहून झालं.

ढोल पथकातली मुलं हल्ली माझ्याकडे येतात, लॅपटॉप घेऊन. सर, नाशिक ढोल प्रोग्राम करायचाय. बेस ड्रमचा डिके पूर्ण उघडला की घुमणारा ढोल सापडतो, हे त्यांना आधीच माहीत असतं. मी त्यांना नाशिकच्या वाकडी बारवपासून निघणाऱ्या विसर्जन मिरवणुकीची आठवण देतो. मेन रोडच्या अरुंद गल्लीत पथक शिरतं आणि पन्नास ढोल एकदम थांबतात, तेव्हा काय ऐकू येतं? ताशाची तर्री, काड्यांची ती सलग बारीक थरथर. एकट्या ताशांची, दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून परत येणारी. तो ढोल थांबलेला क्षण आहे म्हणून पुढची थाप छातीत बसते. ती तर्री सोळा घरांत मावत नाही. त्यासाठी स्केल बदलायचं, म्हणजे सोळा बटणांत अर्धंच आवर्तन बसतं आणि घरं दुप्पट बारीक होतात. उरलेला अर्धा भाग दुसऱ्या पार्टमध्ये लिहायचा. आणि त्या सगळ्या वेळात बेस ड्रमच्या ओळीत एकही दिवा नको. मुलांना हेच जड जातं. हात शिवशिवतात.

आता शेवटचा ठेका, रूपक. सात मात्रा: ती ती ना, धी ना, धी ना. सोळा बटणांतली चौदाच वापरायची, मशीनला तसं सांगता येतं, पंधरावं येण्याआधी ते पहिल्यावर परत जातं. रूपकाची गंमत तुम्हाला माहीत आहे, त्याची समच खाली आहे. म्हणजे ज्या बटणावर सगळं जग पहिला ठोका ठेवतं, ते लाल गटातलं पहिलं बटण, इथे डग्ग्याला मोकळं ठेवायचं. वर कोंगा वाजेल, खाली काही नाही. पहिल्यांदा लिहिला तेव्हा अण्णा होते. ते ऐकायला बसले आणि तिसऱ्या आवर्तनाला त्यांनी समेवर हात उघडला, टाळी न देता. मी नॉबवरचा हात काढून घेतला आणि मशीनला एकटंच चालू दिलं.

पुढे कोण येतंय? या, लाजू नका. वरच्या कोंगाची ओळ मी लिहून ठेवली आहे. चकरी बेस ड्रमवर आणा. बोल म्हणा आधी, मोठ्यानं. हां. दोनच दिवे लावायचे आहेत, दोन धी. कितवी बटणं? बरोबर, सातवं आणि अकरावं. दाबा.