चेक गाण्यांचा पहिला संग्रह कसा ऐकावा

श्रोतेहो, नमस्कार. आजच्या चेक पॉप आणि रॉकची ओळख करून घ्यायला निवडक गाण्यांचा संग्रह सोयीचा पडतो. एका सीडीत फार तर ८० मिनिटे मावतात, म्हणजे अठरा-वीस गाणी. ती एका बैठकीत संपवू नका. प्रत्येक गाणे वेगळ्या स्टुडिओतले, आवाजाच्या वेगळ्या पातळीचे. अशा वेळी जे मोठ्याने वाजते तेच चांगले वाटू लागते. प्लेअरमध्ये आवाज समान ठेवण्याची सोय असेल तर ती आधी चालू करा. मग रोज चारच गाणी, प्रत्येक दोनदा.

सुरुवात चेकमध्ये गायलेल्या गाण्यांपासूनच करा. या भाषेत आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पडतो, त्यामुळे ओळ बहुधा थेट ठोक्यावरच सुरू होते. स्वराची लांबी मात्र आघाताला बांधलेली नसते. २००४ साली चेक टीव्हीवरची गायनस्पर्धा जिंकलेल्या अनेता लंगेरोवाचे आडनाव म्हणून पाहा: जोर 'लं'वर, लांबी शेवटच्या 'वा'ला. चेक गाण्याची लय या ओढाताणीत आहे. तेच कलाकार इंग्रजीत गाऊ लागले की ती हरवते.

उच्चारांत मराठी कानाला एक आयता फायदा आहे. 'चमचा'तला च आणि 'चहा'तला च आपण एकाच अक्षराने लिहितो. चेक लिपीत पहिल्याला साधा सी, दुसऱ्याला डोक्यावर खूण असलेला सी. अवघड आहे तो चेक संगीतकार द्वोर्झाकच्या नावातला वर्ण. तिथे र आणि झ एकापाठोपाठ नाहीत; र साठी जीभ थरथरत असतानाच घर्षणाची हवा सोडायची. दोन तुकडे केले की उच्चार फसतो.

याच खुणा संगणकावरही घोटाळा करतात. जुन्या एमपी३ फाइलींतली नावे मध्य युरोपच्या विंडोज १२५० या अक्षरसंकेतात असतात, आणि प्लेअर ती पश्चिम युरोपच्या १२५२ संकेतातली समजून वाचतो. मग 'चेखोमोर' या गटाच्या नावातला च जाऊन तिथे रोमन ई उमटतो. नाव हाताने बदलत बसू नका. टॅग, म्हणजे फाइलीत साठवलेली ही नावे, १२५० म्हणून वाचून युनिकोडमध्ये साठवा.

चेखोमोर हा वाद्यवृंद मोराविया-बोहेमिया या चेक प्रांतांची लोकगीते रॉकच्या अंगाने गातो. 'किलिंग जोक' या ब्रिटिश रॉक गटाच्या जॅझ कोलमनने त्यांच्यासाठी तंतुवाद्यांची रचना केली, तो २००१चा अल्बम आवर्जून मिळवा. इवा बित्तोवा व्हायोलिन वाजवता वाजवताच गाते. तिचे एकच गाणे संग्रहात असेल तर अंदाज येत नाही, पूर्ण मैफल ऐकावी लागते. 'द्वा' म्हणजे दोन, आपल्या 'द्वि'चाच भाऊबंद. या नावाची जोडी स्वतः घडवलेल्या भाषेत गाते, म्हणून वर सांगितलेला आघाताचा नियम तिथे लावू नका. आणि तेप्लित्से शहराचा रॉक गट 'काबात': २००७ साली चेक प्रजासत्ताकाच्या पहिल्याच युरोव्हिजन गीतस्पर्धेत एका गुणासह उपांत्य फेरीत तळाला गेला, पण मायदेशात त्याच्या मैफलींना प्रचंड गर्दी होते. परदेशी श्रोत्यांसाठी निवडलेल्या संग्रहातून असे गट सहज निसटतात.

म्हणून संग्रहातून तीनच नावे निवडा आणि प्रत्येकाचा एक पूर्ण अल्बम ऐका. पुढची नावे 'अंद्येल' या वार्षिक संगीत पुरस्कारांच्या नामांकनांत सापडतील. शोधताना नाव खुणांसकट सापडले नाही तर खुणा वगळून टाका.