तीस पेशंट, पण कितीपैकी?

पावसाळा सरत आला की सोलापूरच्या ओपीडीत ठरलेली गर्दी असते. ताप, डोळ्यांमागे ठणका, प्लेटलेट्स उतरलेल्या. एमडी झालेल्या डॉक्टरला डेंग्यू ओळखायला कुणी शिकवायला नको. समजा, आठवड्यात तीस पेशंट आले. पण तीस कितीपैकी? अंश टेबलावर आहे, छेद गल्लीबोळांत. तो मोजायला शिकण्यासाठी काही डॉक्टर चाळिशीत पुन्हा, सार्वजनिक आरोग्याच्या वर्गात बसतात, कधी आपल्याहून लहान मास्तरांसमोर.

हा शहराचा पूर्व भाग. माग आणि विड्यांवर चालणारी घरं. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून दारोदारी बॅरल भरलेले. आशाताई टॉर्च मारतात. वर लोंबकळणाऱ्या अळ्या उजेड पडताच वळवळत तळाशी जातात. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याला एक कोरडा दिवस पाळायचा, म्हणजे साठवलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करायची. शंभर घरं तपासली, दहांत अळ्या सापडल्या, तर हाऊस इंडेक्स दहा. इथवर सोपं आहे.

"ओतून टाका म्हणताय खरं, पण पाणी कधी सोडणार ते बी सांगा की!" घरातली बाई विचारते.

याचं उत्तर औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही. एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, इथे कामाला येते. साथरोगशास्त्र आणि जीवसांख्यिकी तर शिकवतातच. शिवाय पाणीपुरवठ्याच्या साहेबासमोर कोणते आकडे ठेवायचे, खर्च कुणाच्या बजेटमध्ये बसवायचा, हेही. वर्गात फिजिशियनशेजारी दंतवैद्य असतो, जनावरांचा डॉक्टरही.

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सचं पब्लिक हेल्थ स्कूल १९१६ चं. तिथला पूर्णवेळ एमपीएच वर्षाच्या आत होतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दोन वर्षं. तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्रात १९९७ पासून हा अभ्यासक्रम चालतो. पण सोलापुरात दवाखाना थाटलेला माणूस दोन वर्षं कुलूप लावून जाणार कसा? त्यात पीएसएम (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक) म्हणजे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उरकायचा विषय, हा एमबीबीएसपासूनचा समज. तो अजून पुरता गेलेला नाही.

अशांसाठी नोकरी-दवाखाना सांभाळून करता येईल असा वर्षभराचा अभ्यासक्रम जवळपास हवा. आणि प्रबंधाचा विषय शोधायला लांब जायला नको. पाणी सोडायच्या वेळापत्रकाशेजारी वॉर्डनिहाय डेंग्यूची यादी ठेवायची, आणि दोन्ही कागद घेऊन महापालिकेत जायचं.